हळद, न्याय आणि लेखणी



जखमेवर हळद लावावी, हे लष्करातील या नया बाजारात कोणाला ग्रंथ उघडून सांगावे लागत नाही. तरीही मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या याच गुणाचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास बहाल झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. मात्र तेथे आजीबाईंची साक्ष चालली नाही. परदेशांतील ज्ञान छापील असेल तरच ते ग्राह्य, असा अमेरिकेचा तेव्हाचा दंडक होता. म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे ठेवावा लागला.

लोकज्ञानाचा आदर आणि लाभाचा न्याय्य वाटा ही तत्त्वे १९९२ च्या जागतिक जैवविविधता कराराने मान्य केली. २०१० च्या नागोया करारनाम्याने लाभवाटपाचे नियम घालून दिले. आपल्या २००२ च्या कायद्यामुळे लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याचे काम स्थानिक समित्यांकडे आले.

परंतु नोंद करणारा हात शाळेतच घडतो. विद्यार्थ्यांनी वैद्यांकडे, शेतकऱ्यांकडे, वनवासी वृद्धांकडे जावे, ऐकावे, लिहावे. मात्र सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी आणि त्याचे नाव गाळू नये. तेवढे गाळले, तर आपली नोंदही लूटच ठरेल.