खडखड कोणत्या बाजूची?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी 18,000 रुपयांच्या कर्जाचा अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं, ‘गाडीचं इंजिन’. गाडी म्हणजे जुनी बुलेट, उजव्या पायाच्या गिअरची. तिला दोन्हीकडे कॅन अडकवून त्यांचे मालक रोज दूध घालायला जातात. मिस्त्रीनं उभ्या उभ्या आवाज ऐकला आणि इंजिन खोलावं लागेल म्हणाला.

मी विचारलं, “ताई, आवाज कुठून येतो? डावीकडून की उजवीकडून?”

“अगं बाई, गाडीतनं येतो!”

सगळ्या हसल्या. पण मी भावाच्या गॅरेजात हिशेब लिहायला बसत नसते, तर मीही हेच सांगितलं असतं. म्हणून बैठक संपल्यावर आम्ही चौघी त्यांच्या अंगणात गेलो.

गाडी मोठ्या स्टँडवर लावली, न्यूट्रल केली, चालू करून थोडी गरम होऊ दिली. पदर खोचून घ्या बरं, आणि सायलेन्सरपासून लांब राहा. जुन्या बुलेटला टॅपेट उजव्या अंगाला असतात. त्यांचा आवाज शिलाई मशीनसारखा, हलका टिकटिक. इथं तो ठीक होता. खडखड येत होती डावीकडून, खालच्या मोठ्या झाकणातून. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक झाकणाला टेकवून मुठीला कान लावला, तर आवाज अगदी स्पष्ट. गाडी स्लो चालली की खडखड जास्त, थोडी रेस दिली की कमी, रेस सोडली की पुन्हा सुरू.

त्या झाकणाखाली एक दोनपदरी चेन असते. इंजिनाची ताकद ती क्लचपर्यंत नेते. मागच्या चाकाची चेन वेगळी, ती आपल्याला दिसते. ही आत तेलात फिरते. ढिली झाली की स्लोला फडफडते, झाकणाला घासते. रेस दिली की ताणली जाते, म्हणून आवाज दबतो. क्लच दाबला तरी ही चेन फिरतच राहते. म्हणून क्लच दाबताच आवाज पार बदलला किंवा गेला, तर संशय आधी क्लचवर घ्यायचा. त्याच झाकणाखाली अल्टरनेटरही असतो. त्याचा नट ढिला झाला तरी असाच आवाज येतो, तेव्हा झाकण निघालं की तोही बघायला सांगा.

आमच्या ताईंच्या गाडीखाली डाव्या बाजूला तेलाचा डाग होता. हा डाग त्या रोज झाडत होत्या! या चेनचं तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळं असतं. झाकणाचं पॅकिंग गळतं, तेल संपतं, आणि कोरडी चेन लवकर झिजते. झाकणावर तेलाच्या पातळीचा एक स्क्रू असतो. तो काढून तेल ओतायचं, तिथून थेंब यायला लागला की पुरे.

भावानं डावा पायठेवा आणि ब्रेकचं पेडल काढून झाकण उघडलं. गाडी बंद ठेवून किक हळूहळू दाबत चेन फिरवली आणि ठिकठिकाणी बोटानं दाबून पाहिली. हे महत्त्वाचं आहे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथं ती सगळ्यात घट्ट लागते तिथंच ताण जुळवायचा, नाहीतर बेअरिंगवर जोर येतो. इथं खालचा टेन्शनर शेवटपर्यंत वर घेऊनही चेन लोंबतच होती. म्हणजे बदलायलाच आलेली.

तुमच्याकडे शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी असेल तर तिला ही चेन नसते, उजवीकडे दात्यांची जोडी असते. तिथं आधी इंजिनातलं तेल बघा. न्यूट्रलमधली खडखड क्लच दाबल्यावर थांबत असेल तर मिस्त्रीला तसंच सांगा, आणि क्लचचं हाऊसिंग आधी बघ म्हणा.

मिस्त्री खोटंच बोलतो असं माझं म्हणणं नाही. निळा धूर निघत असेल, चढाला आतून ठोके पडत असतील, तर इंजिन खोलावंच लागतं. पण त्याच्याकडे जाताना आवाज कोणत्या बाजूचा, स्लोला की रेसला, क्लच दाबल्यावर काय होतं, एवढं सांगता आलं पाहिजे.

ताईंचा अर्ज आम्ही मंजूर केला, 3,000 रुपयांचा. चेन, टेन्शनरची पट्टी, पॅकिंग, तेल आणि मजुरी त्यात बसली. दुधाची एकच खेप चुकली, तीही संध्याकाळची. त्या दुधाचा त्यांनी खवा केला.