उंबऱ्याबाहेरचे कुटुंब

कॅथलिक समाजाविषयी बोलायचे म्हटले की बोलणे लगेच पोर्तुगीज, पाद्री आणि मोठमोठ्या चर्चच्या इमारतींकडे वळते. आजचा विषय घराएवढाच आहे. गोवा, वसई आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतली कॅथलिक घरे सांजवेळी, सुगीला आणि लग्नकार्यात ज्या रीती पाळतात, त्यांचा हा विचार. या रीती पाळायच्या घरच्यांनीच. पण बहुतेक प्रत्येक रीतीत घराबाहेरच्या कुणाचा तरी वाटा राखून ठेवलेला असतो. कधी शेजाऱ्याचा, कधी गरिबाचा, कधी परदेशी गेलेल्या मुलाचा, तर कधी निवर्तलेल्या आजोबांचा. या रीतींचे खरे मोल त्या वाट्यात आहे.

सुरुवात संध्याकाळपासून करू. गोव्यातल्या गावांत दिवेलागणीला चर्चची घंटा होते. ही आंजेलुसची घंटा. ती ऐकली की जुनी माणसे हातातले काम थांबवतात आणि कपाळावरून छातीवर क्रुसाची खूण करतात. मग घरातल्या आल्ताराशी, म्हणजे देवघरापुढे, तेर्स सुरू होतो. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. एक गट आजी सांगते, एक वडील, एक शाळकरी नात. सांगणाऱ्याने प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणायचा, बाकीच्यांनी उत्तरार्ध. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या पाठोपाठ सगळे घर बोलते. त्या घटकेपुरती ती घराची पुढारी असते, आणि तिचे शब्द अडखळले तरी कुणी तिला थांबवत नाही. शेवटी आजाऱ्यांसाठी, बोटीवर असलेल्यांसाठी आणि घरातल्या मृतांसाठी प्रार्थना होते. ती बहुधा नावे घेऊन होते. पणजोबांना कधी न पाहिलेल्या मुलांनाही त्यांचे नाव पाठ होते, ते असे.

तेर्स संपला की बेसांव. मुले हात जोडून एकेका वडीलधाऱ्यापुढे जातात आणि आशीर्वाद मागतात. दिवसभर वडिलांशी अबोला धरलेल्या मुलालाही या वेळी त्यांच्यापुढे उभे राहावे लागते आणि वडिलांनाही त्याच्या डोक्यावर हात ठेवावा लागतो. भांडण मिटेलच असे नाही, पण ते रात्रीपलीकडे ताणणे अवघड होते.

गोव्यातल्या अनेक गावांत सायबीण घरोघर फिरते. सायबीण म्हणजे मारियामातेची मूर्ती. वाड्यावरच्या एका घरी ती एक दिवस मुक्काम करते. घर आधीपासून झाडून-सारवून तयार असते, आल्ताराला फुले आणि दिव्यांची आरास असते. संध्याकाळी वाड्यावरची माणसे जमतात, तेर्स आणि गाणी होतात, उकडलेले चणे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या घेतलेल्या मिरवणुकीने मूर्ती पुढच्या घरी जाते. बारकाईने पाहिले तर या फेरीचे सामाजिक काम ध्यानात येते. मूर्ती मोठ्या बंगल्यात जाते तशी दोन खोल्यांच्या घरातही जाते, आणि तिच्यामागून सगळा वाडा त्या घरात शिरतो. ज्याच्या घरी एरवी कुणी पायरी चढत नाही, त्याच्याकडेही त्या संध्याकाळी बसायला जागा पुरत नाही. हद्दीवरून बोलणे तुटलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला मूर्ती दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते.

मुंबईत हेच काम गल्लीतल्या क्रुसांनी केले. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला आणि पुढची काही वर्षे त्याने माणसे नेली. त्या काळात वांद्र्यासारख्या ठिकाणी ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक कॅथलिकांच्या वस्त्यांनी संकट टळावे म्हणून आणि टळल्यावर कृतज्ञता म्हणून नाक्या-नाक्यांवर क्रूस उभारले. ते आजही उभे आहेत, काहींच्या चौथऱ्यावर सालही वाचता येते. मे महिना मारियामातेचा मानला जातो. त्या दिवसांत अशा क्रुसांपाशी संध्याकाळी प्रार्थना होते आणि प्रसादाला पुन्हा चणेच असतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साथीची आठवण पुस्तकांतून पुसट झाली, पण गल्लीने ती जपली.

आता लग्न. गोव्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वधूला आणि वराला आपापल्या घरी रोस लावतात. रोस म्हणजे नारळाचे दूध. पाटावर किंवा खुर्चीवर नवरी बसते, आधी आईवडील आणि मग मानाने नातलग येऊन तिच्या अंगाला रोस लावतात, आणि बायका झोती, म्हणजे लग्नगीते, म्हणतात. हळदीशी या रीतीचे नाते उघड आहे. पण ही रीत सहजासहजी टिकलेली नाही. गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, स्थापना १५६० मध्ये झाली. तिने १७३६ मध्ये काढलेल्या हुकूमनाम्यात लग्नाआधी वधूवरांना हळद-तेलाचे उटणे लावणे, लग्नात ओव्या गाणे, दारात तुळस ठेवणे अशा कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकरांनी या हुकूमनाम्यावर सविस्तर लिहिले आहे. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. न्हाणे आणि गाणे मात्र राहिले. ज्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनी परसदारी आणि माजघरात ते जपले. नवा धर्म मनापासून स्वीकारला म्हणून आजीचे गाणे टाकायला हवे, असे त्यांना वाटले नाही. आज त्या गाण्यांत क्रुसाचे आणि मारियामातेचे नाव येते, आणि ते उसने वाटत नाही.

लग्नाच्याच आधी एक जेवणही होते: भिकाऱ्यांचे जेवण. घराण्यातल्या मृतांच्या स्मरणार्थ गावातल्या गरिबांना घरी बोलावून पोटभर वाढायचे. नव्या संसाराला हात लावण्याआधी घर दोघांचे ऋण मानते, आपल्या आधी गेलेल्यांचे आणि ज्यांच्या घरी लग्नाचा खर्च झेपत नाही अशांचे. हॉलमधल्या स्वागत समारंभापुढे हे जेवण हल्ली मागे पडत चालले आहे. काही कुटुंबे त्याऐवजी अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात जेवण देतात. हेतू तोच असतो. मात्र गरीब माणूस आपल्या घरच्या पंगतीला बसायचा, ते आता होत नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती मान्य करायला हवी.

वर्षाचे चक्रही असेच घरातून फिरते. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादित झावळी घरी येते. कुणी तिचा छोटा क्रूस विणते आणि तो तसबिरीमागे खोचून ठेवते. वर्षभर ती तिथे सुकते. पुढच्या वर्षी उपवासकाळ तोंडावर आला की अशा सुक्या झावळ्या चर्चमध्ये गोळा होतात आणि त्यांचीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लागते. त्यानंतरचा चाळीस दिवसांचा काळ स्वयंपाकघरात कळतो. शुक्रवारी मांस नसते, आणि गोड-धोड, दारू, सिनेमा यांपैकी काहीतरी प्रत्येकाने सोडलेले असते. वाचलेले पैसे गरजूंसाठी बाजूला ठेवावेत, ही शिकवण तर अगदी लहान मुलांनाही दिली जाते.

सुगीचा सण गावागणिक, प्रदेशागणिक वेगवेगळ्या दिवशी येतो. रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला भाताची पहिली कणसे कापून आशीर्वादित केली जातात. मुंबई परिसरातले ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. ज्यांचे पूर्वज गोव्यातून दक्षिणेला गेले, त्या मंगळूरच्या कॅथलिकांत हा सण ८ सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिवशी असतो. त्या दिवशी नव्या भाताचे दाणे दुधात किंवा खिरीत घालून सगळे घर एकत्र खाते. जेवण शाकाहारी असते. आखातात किंवा आणखी दूर असलेल्या मुलांसाठी काही दाणे पाकिटात घालून टपालाने पाठवण्याची पद्धतही तिथे आहे. ताटावर जो हजर नाही त्याचा घास अशा रीतीने त्याच्यापर्यंत पोहोचतो.

मंगळूरच्या घरांचे मराठीवर एक मोठे ऋण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्या जुन्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखिते सांभाळली, त्यांच्या आधारे जोसेफ सल्डान्हा यांनी १९०७ मध्ये ते पुन्हा छापले. आपल्या वाङ्मयाचा एक मोलाचा ठेवा घरच्या पेटीत वाचला.

वसईचा अनुभवही याला धरून आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, भाविक मात्र तिथेच राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी करेपर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये होत असे. तोवर घरातले बोलणे, बारशा-लग्नाची गाणी, आजीने नातवाला दिलेली शिकवण हे सारे सामवेदी, वाडवळी अशा बोलींत चालू होते. १९५५ पासून ‘सुवार्ता’ मासिकाने आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या लेखकांनी मराठीत जे काम केले, त्याची जमीन या घरांनी आधीच कसून ठेवली होती.

आज अडचण वेगळी आहे. मुले कॅनडात आहेत, वाड्यावरची निम्मी घरे कुलूपबंद आहेत, कामाच्या पाळ्यांमुळे चौघांना एका वेळी तेर्साला बसता येत नाही. जुन्या काळाबद्दल हळहळून यातून वाट निघणार नाही. रोज जमत नसेल तर रविवारी बसावे. फोनवरून बेसांव मागणारी मुले आहेतच, त्यांना हसू नये. लग्नाच्या यादीत हॉल, बँड आणि छायाचित्रकार यांच्या आधी एक पंगत गरिबांसाठी लिहावी, आणि ती आपल्या अंगणात वाढावी. झोती आणि वसईची लग्नगीते ज्यांना पूर्ण येतात अशा बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांची गाणी येत्या सुट्टीत घरच्याच मुलांनी ध्वनिमुद्रित करावीत, शब्द लिहून घ्यावेत, कोणते गाणे कोणत्या विधीला म्हणतात तेही विचारून ठेवावे. त्यासाठी कोणत्याही संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही. खिशातला फोन आणि आजीजवळचा एक दुपारभर वेळ पुरेसा आहे.