अरण्यांतील चमकणारे डोळे
(नभोवाणीवरील भाषण)



उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत सूचिपर्णी वृक्षांचीं घनदाट अरण्यें शेंकडों मैल पसरलेलीं आहेत. ह्या अरण्यांत मनुष्याहून उंच, सर्वांगावर केस असलेला आणि दोन पायांवर चालणारा एक वानरसदृश प्राणी वावरतो, अशी तेथील पुष्कळ लोकांची समजूत आहे. कॅनडांत त्याला 'सॅस्क्वॉच' म्हणतात. हें नांव तेथील मूळच्या रहिवाशांच्या भाषेंतून आलें असून, जे. डब्ल्यू. बर्न्स नांवाच्या शिक्षकानें १९२९ सालीं लिहिलेल्या लेखामुळें त्याचा प्रसार झाला. 'बिगफूट' म्हणजे 'मोठ्या पायाचा', हें दुसरें नांव १९५८ सालचें. कॅलिफोर्नियांत ब्लफ क्रीक येथें रस्त्याचें काम चालू असतां अवाढव्य पावलांचे ठसे आढळले, आणि वर्तमानपत्रांनीं तें नांव सर्वतोमुखीं केलें. ते ठसे रे वॉलेस ह्या ठेकेदारानें लांकडी पाउलें करून उठविले होते, असें त्याच्या मृत्यूनंतर २००२ सालीं त्याच्याच कुटुंबीयांनीं सांगितलें. परंतु तोंवर ती कथा साऱ्या खंडभर पसरली होती.

ह्या प्राण्याचें हाड, दांत किंवा कलेवर आजवर कोणाच्याहि हातीं आलेलें नाहीं. १९७६ सालीं त्याचे म्हणून कांहीं केस अमेरिकन सरकारच्या एफ्. बी. आय्. ह्या तपासखात्याकडे पाठविण्यांत आले. पुढील वर्षीं ते हरिणवर्गांतील प्राण्याचे ठरले. तेव्हां सारा भार राहतो तो पाहणाऱ्यांच्या साक्षीवर. आज ह्या साक्षींतील एकाच गोष्टीचा विचार करूं. ती गोष्ट म्हणजे त्या प्राण्याचे चमकणारे डोळे.

रात्रीच्या हकीकतींत हे डोळे वारंवार येतात. कोणी ते निखाऱ्यासारखे तांबडे होते म्हणतो, कोणी हिरवे, कोणी पिवळे. आर्कान्सा संस्थानांतील फाउक ह्या लहानशा गांवीं १९७१ सालीं असाच एक केसाळ प्राणी दिसल्याचा बोभाटा झाला. त्याचे डोळे लालभडक आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्याएवढे होते, असें वर्णन तेव्हां प्रसिद्ध झालें. अशी हकीकत ऐकली म्हणजे आपण दोहोंपैकीं एका टोकाला जातों. सांगणारा खोटें बोलतो असें तरी म्हणतों, किंवा अरण्यांत कांहीं तरी अमानुष आहे असें तरी मानतों. वस्तुतः ह्या दोहोंच्या मध्यें फार मोठी जागा आहे. त्या माणसाला चमक खरोखरच दिसली, असें धरून चालूं आणि ती आली कोठून एवढेंच विचारूं.

पहिला प्रश्न असा, कीं डोळा स्वतः प्रकाश देऊं शकतो काय? काजवा देतो, समुद्राच्या तळाशीं राहणारे कित्येक मासे देतात. परंतु जमिनीवर राहणारा, पाठीचा कणा असलेला, स्वयंप्रकाशी डोळ्यांचा एकहि प्राणी प्राणिशास्त्राला ठाऊक नाहीं. आणि असा डोळा त्या प्राण्याच्या उपयोगाचाहि नव्हे. डोळ्याचें काम बाहेरचा मंद प्रकाश टिपण्याचें. त्याच्या आंतच दिवा लावला, तर बाहेरचें कांहींच दिसणार नाहीं. मांजराच्या डोळ्यांत रागानें अग्नि पेटतो, अशी समजूत युरोपांतहि एके काळीं होती. बेनेडिक्ट प्रेव्हो ह्या शास्त्रज्ञानें १८१० सालीं दाखवून दिलें, कीं संपूर्ण अंधारांत ही चमक कधींच दिसत नाहीं; बाहेरून पडलेला प्रकाशच डोळ्यांतून परत येतो.

ह्याचा पडताळा आपणांस घरच्या घरीं घेतां येईल. रात्रीं खोली अगदीं काळोखी करावी; मांजराचे डोळे दिसणार नाहींत. मग विजेची बत्ती आपल्या कपाळाजवळ धरून मांजराकडे पाहावें, म्हणजे दोन्ही डोळे एकदम उजळतील. आतां बत्ती मांजरावरच रोखून ठेवून हात लांबवीत एका बाजूला न्यावा. मांजर तेथेंच आहे, उजेडहि त्याच्यावर आहे, तरी चमक मावळते. परत येणारा प्रकाश ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें माघारीं जातो, म्हणून दिवा आणि पाहणाराची दृष्टि जवळजवळ एका रेषेंत असावी लागते. मोटार हांकणाराची गोष्ट अशीच आहे. दूरवर पाहतांना गाडीचे दिवे आणि त्याचे डोळे ह्यांतील अंतर नगण्य होतें. घाटांतून रात्रीं प्रवास करणाराला वळणावर बसलेल्या गुरांचे नुसते डोळेच आधीं दिसतात, तेंहि ह्याच कारणानें.

निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत ही शक्ति येते कशी? दृष्टिपटलाच्या मागें त्यांना एक चकचकीत थर असतो. शास्त्रज्ञ त्याला 'टेपीटम लुसिडम' म्हणतात. दृष्टिपटलांतून निसटलेला प्रकाश ह्या थरावर आपटून पुन्हां दृष्टिपटलावर येतो, आणि अंधुक उजेडाचा दुसऱ्यांदा उपयोग होतो. त्यांतूनहि जो उरतो तो बाहुलीवाटे बाहेर पडतो. तीच आपणांस दिसणारी चमक. मांजर, कुत्रा, अस्वल, हरिण, गाय, घोडा ह्या सर्वांना हा थर आहे. प्राण्याची जात, त्याचें वय, पाहण्याचा कोन आणि दिव्याचा रंग ह्यांवर चमकेचा रंग अवलंबून असतो. एकच प्राणी एकाला हिरवा आणि दुसऱ्याला पिवळा दिसणें त्यामुळें शक्य होतें.

येथें बिगफूटच्या कथेंत एक मोठी अडचण उभी राहते. ज्यांना तो प्राणी खरा वाटतो, ते त्याला वानरकुलांतील किंवा मनुष्याच्या जवळच्या एखाद्या शाखेंतील मानतात. परंतु गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान आणि मनुष्य, ह्यांपैकीं एकाच्याहि डोळ्यांत हा थर नाहीं. मादागास्कर बेटावरील लेमूरला तो आहे, पण लेमूर ह्या कुलाच्या फार दूरच्या शाखेचा. बिगफूट रात्रीं हिंडतो म्हणून त्याला तो नव्यानें प्राप्त झाला असेल, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून आग्नेय आशियांतील टार्सियर हा चिमुकला प्राणी पुढें करतां येतो. वानरांशीं त्याचें नातें लेमूरपेक्षां जवळचें. तो पक्का निशाचर. तरीहि त्याला हा थर नाहीं. त्याची उणीव निसर्गानें दुसऱ्या मार्गानें भरून काढली आहे: त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा मोठा असतो.

मनुष्याच्या डोळ्यांतून मुळींच प्रकाश परत येत नाहीं असें मात्र नव्हे. विल्यम कमिंग ह्यानें १८४६ सालीं आणि अर्न्स्ट ब्र्यूके ह्यानें १८४७ सालीं दाखविलें, कीं दिवा आणि दृष्टि नीट एका रेषेंत आणल्यास मनुष्याची बाहुलीहि तांबूस उजळते. हेल्महोल्ट्झनें १८५१ सालीं जगापुढें मांडलेलें, डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचें यंत्र ह्याच तत्त्वावर चालतें. रात्रीच्या छायाचित्रांत माणसांचे डोळे तांबडे उमटतात, तोहि ह्याचाच प्रकार. तो रंग डोळ्यामागील रक्तवाहिन्यांचा. तेव्हां मोठ्या वानराच्या डोळ्यांत क्षणभर मंद तांबूस झांक दिसणें अशक्य नाहीं. पण दुरून निखाऱ्यासारखे जळणारे डोळे ही निराळी गोष्ट झाली. आणि अर्ध्या डॉलरचें नाणें तीस मिलिमीटर रुंद असतें, तर मनुष्याचा सबंध नेत्रगोल सुमारें चोवीस मिलिमीटरांचा. त्यांत चमकते ती केवळ बाहुली, आणि ती पुरती विस्फारली तरी आठ मिलिमीटरांच्या आसपास. गोरिला देहानें मनुष्याहून केवढा तरी भारी, पण त्याचा डोळा मनुष्याच्या डोळ्याहून मोठा नाहीं. काळोखांतील तेजस्वी बिंदु असतो त्याहून मोठा भासतो, हें येथें लक्षांत ठेवावें.

सारांश, डोळे जितके अधिक चमकत होते असें साक्षीदार सांगतो, तितका तो वानरापासून दूर आणि परिचयाच्या वनचरांच्या जवळ जातो. त्या वनचरांत पहिलें नांव काळ्या अस्वलाचें. तें मागल्या पायांवर उभें राहतें, तेव्हां माणसाएवढें आणि कधीं त्याहूनहि उंच होतें. फ्लो फॉक्सन ह्या संशोधकानें २०२४ सालीं अमेरिका व कॅनडा येथील आंकडे ताडून पाहिले. लोकवस्ती आणि अरण्याचें क्षेत्र हिशेबांत धरूनहि असें आढळलें, कीं दर एक हजार अस्वलांमागें बिगफूट दिसल्याच्या वार्ता सरासरीनें शेंकडा चारांनीं वाढतात. दुसरें नांव घुबडाचें. वेस्ट व्हर्जिनियांतील पॉइंट प्लेझंट येथें १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्रीं मोटारींतील दोन जोडप्यांना पंख असलेली एक मनुष्याकृति दिसली. तिचे डोळे तांबडे चमकले, पण गाडीच्या दिव्यांचा झोत पडल्यावर. तेथील विश्वविद्यालयाच्या रॉबर्ट स्मिथ ह्या वन्यजीवतज्ज्ञानें तो डोळ्यांभोंवतीं तांबडी कातडी असलेला क्रौंच असावा असें सुचविलें, तर पुढें जो निकेल ह्या संशोधकानें तें घुबड असावें असें प्रतिपादिलें. ह्यांतील कोणतें खरें, ह्याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण चमक दिव्याची होती, हें साक्षीदारांच्याच शब्दांवरून दिसतें.

मग दोन ठिपक्यांचा सात-आठ फुटी राक्षस होतो कसा? काळोखांत डोळ्यांखेरीज कांहींच दिसत नसेल, तर अंतराचा अंदाज करावयाला आधार राहत नाहीं. पन्नास फुटांवरील अडीच इंच अंतराचे दोन डोळे आणि शंभर फुटांवरील पांच इंच अंतराचे दोन डोळे आपल्या दृष्टीला अगदीं सारखेच. जवळचा प्राणी दूर आहे असें वाटलें, कीं त्याचें मस्तक आपोआप दुप्पट होतें. तो फांदीवर किंवा उतारावर असला, तर उंचीहि वाढते. शिवाय काळोखांतील एकटा स्थिर ठिपका टक लावून पाहिला, कीं हलूं लागल्याचा भास होतो. मुझफ्फर शेरीफ ह्या मानसशास्त्रज्ञानें ह्याच भासावर केलेले प्रयोग १९३५ सालीं प्रसिद्ध केले. अंधाऱ्या खोलींतील स्थिर दिवा किती इंच हलला, ह्याचीं उत्तरें एकेकट्यानें दिलीं तेव्हां वेगवेगळीं आलीं. तींच माणसें एकत्र बसून मोठ्यानें उत्तरें देऊं लागतांच त्यांचे आंकडे एकमेकांकडे सरकत गेले. कोणी खोटें बोलत नव्हता. मोटारींतील चौघांची साक्ष एकसारखी निघाली, म्हणजे ती चौपट बळकट झाली असें समजूं नये, तें ह्यासाठीं.

कांहीं साक्षीदार सांगतात, कीं आमच्याजवळ दिवा मुळींच नव्हता. अशा वेळीं मागें पेटलेली शेकोटी, घराच्या खिडकींतील उजेड किंवा दुसऱ्या गाडीचा झोत ह्यांचा शोध घेतला पाहिजे. प्रत्येक हकीकतीचा उलगडा बसल्या जागीं होणार नाहीं, हें मान्य. पण उलगडा न होणें हा प्राण्याच्या अस्तित्वाचा पुरावा ठरत नाहीं.

हा केवळ करमणुकीचा वाद आहे, असें आपणांस वाटूं नये. वॉशिंग्टन संस्थानांत कोलंबिया नदीच्या कांठीं स्कॅमेनिया नांवाचा परगणा आहे. तेथील अधिकारी मंडळानें १ एप्रिल १९६९ रोजीं असा हुकूम काढला, कीं सॅस्क्वॉचला ठार मारणाराला दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पांच वर्षांपर्यंत कैद होईल. तारीख पाहून ही थट्टाच वाटावी. पण हुकुमांत दिलेलें एक कारण थट्टेचें नव्हतें: ह्या प्राण्याच्या शोधांत बंदुका घेऊन लोक रानांत शिरूं लागले, तर तेथें राहणाऱ्या आणि तेथून जाणाऱ्या माणसांच्या जिवाला धोका होता. रात्रीच्या अंधारांत दोन ठिपक्यांवर बंदूक रोखणाराला त्यांच्या मागें अस्वल आहे, कोणाची गाय आहे, कीं मनुष्य आहे, हें कसें कळावें?

म्हणून अशी हकीकत सांगणारा कोणी भेटला, तर त्याला हंसूं नये. त्याला तीन गोष्टी विचाराव्या. दिवा कोठें होता? डोळ्यांच्या मागें अंग दिसलें कीं तें मनानें जोडलें? आणि दुसऱ्या दिवशीं उजेडांत त्या जागीं जाऊन फांदीची, उताराची, कुंपणाची उंची मोजली काय? हातीं बंदूक असेल, तर ह्या तिन्हींचीं उत्तरें मिळेपर्यंत ती खालींच राहूं द्यावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.