ध्वनिपेटीखालची चुंबळ

तानसा नदीच्या कांठचें वज्रेश्वरी हें गांव देवीच्या मंदिरामुळें व जवळच्या ऊन पाण्याच्या कुंडांमुळें सर्वांस परिचित आहे. या भागांतील घरांची जमीन पूर्वीं शेणानें सारवलेली असे. आतां बहुतेक ठिकाणीं गुळगुळीत लाद्या आल्या आहेत. त्या लाद्यांवर सबवूफर, म्हणजे केवळ खर्जाचे स्वर काढणारी पेटी, येऊन बसली आणि एक नवीच पंचाईत उभी राहिली. गाणें रंगांत येतें न येतें तोंच पेटी थरथरत पुढें सरकते, तिची तार ताणली जाते, आणि भिंतीपलीकडे निजलेल्या आजाऱ्याच्या खाटेला धक्के पोहोंचतात.

असें कां व्हावें? मनुष्याचा कान सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत आंदोलनें ऐकूं शकतो. त्यांपैकीं अगदीं खालचीं, साधारणतः २० ते १२० आंदोलनें, या पेटीच्या वांट्यास येतात. इतका मंद स्वर ऐकूं यावा म्हणून पुष्कळ हवा हलवावी लागते. पेटीचा पडदा जोरानें पुढें गेला कीं न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें पेटी मागें रेटली जाते. शिवाय कंपामुळें लादीवरील तिचा भार क्षणोक्षणीं कमी-अधिक होतो. भार घटला कीं घर्षणहि घटतें, व पेटी केसभर सरकते. अशा हजारों केसांची मिळून एक वीत होते. मातीची जमीन खडबडीत असे व कंप गिळून टाकी; लादीच्या अंगीं हे दोन्ही गुण नाहींत.

यावर उपाय आपल्याच संगीतांत आहे. तबलजी तबला उघड्या फरशीवर मांडीत नाहीं, चुंबळीवर मांडतो. चुंबळ तबल्यास सरकूं देत नाहीं व त्यास कठीण जमिनीपासून अलग ठेवते. पेटीसहि हींच दोन्ही कामें करणारें आसन हवें. डोक्यावर नुसती वीट ठेवल्यानें पेटी कदाचित् जागीं राहील, पण लादीचा कंप राहीलच. आणि टोंकदार खिळ्यांचे पाय लावल्यास लादीवर ओरखडे उठतील.

प्रथम लादी पुसून कोरडी करावी. पेटीचे चारी पाय सारखे टेंकतात कीं नाहीं तें पाहावें. मग प्रत्येक पायाखालीं मऊ रबराची जाड चकती ठेवावी. ती भारानें थोडी दबावी, परंतु अगदीं चपटी होऊं नये. पेटी हलकी असल्यास तिच्याखालीं शहाबादी फरशीचा तुकडा व त्या तुकड्याखालीं रबर द्यावें. भार वाढला कीं रबरावरील डोलणें मंदावतें. २० आंदोलनांचा स्वर अडवावयाचा तर हें डोलणें सेकंदाला १४ हून कमी असलें पाहिजे; त्याहून अधिक असल्यास कंप घटण्याऐवजीं वाढण्याचा संभव असतो. म्हणूनच कठीण रबर येथें कुचकामाचें. लादीवर पाण्यानें भरलेली वाटी ठेवून, रबर घालण्यापूर्वीं व नंतर, त्याच आवाजांत पाण्यावरची थरथर ताडून पाहावी.

तथापि रबर जमिनीचा कंप अडवील, हवेंतून जाणारा खर्ज अडविणार नाहीं. खोलीच्या कोपऱ्यांत तो अधिकच घुमतो. सबब पेटी कोपऱ्यापासून दूर ठेवून आवाज उतरवावा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. यंत्रमागांची खडखड भिंतींतून कशी पोहोंचते हें भिवंडीकरांस सांगावयास नको. पेटीखालीं चुंबळ घालणें हें यजमानाचें कौशल्य खरें. पण शेजाऱ्याची झोंप राखणारा हात शेवटीं आवाजाच्या खुंटीवरच असावा लागतो.