आयला! जिनमध्ये फुलं?

आज ग्लासात आहे 'द बोटॅनिस्ट'. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे, त्याचा उच्चार होतो 'आयला'. हसू नका, खरंच तसाच होतो! तिथली ब्रुकलॅडी ही मूळची व्हिस्कीची डिस्टिलरी ही ड्राय जिन बनवते.

जिन म्हटलं की आधी जुनिपर. तो नसेल तर ती जिनच नाही. इथे जुनिपर, धणे, संत्र्याची साल असे नेहमीचे 9 घटक आहेत आणि त्यावर बेटावर हाताने खुडलेले 22. त्यात हेदर, कॅमोमाइल, एल्डर, गॉर्स वगैरे. गॉर्सच्या पिवळ्या फुलाला तर चक्क खोबऱ्यासारखा वास येतो!

आता चव. लगेच टॉनिक ओतू नका. त्यातलं कडू क्विनाइन आणि साखर यात नाजूक फुलं बुडतात. मग एवढे पैसे कशाला मोजायचे?

निमुळत्या तोंडाचा ग्लास घ्या, थोडीशी जिन, बर्फ नको. अल्कोहोल 46 टक्के आहे, त्यामुळे नाक आत खुपसू नका, झिणझिण्या येतील. तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच वास घ्या. मग चमचाभर साधं पाणी घाला. धग कमी होते, फुलं वर येतात. पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून. चव शोधायची ती दुसऱ्या घोटात.

22 चवी सापडणार नाहीत, टेन्शन नको. दोन-तीन सापडल्या तरी भारी. आणि त्यांना आपलीच नावं द्या: जाई, ओलं गवत, काहीही. जीभ तुमची आहे.

टॉनिक त्यानंतर. आणि गाडी चालवायची असेल तर आज फक्त वास. भेटूया!