बेसबॉलच्या संघाचा हजेरीपट

श्रोतेहो, शाळेचा हजेरीपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गुरुजींच्या तर तो रोजच्या हातातला. जूनमध्ये पट भरतो. मग एखादा मुलगा आजारी पडतो, एखादा बापाच्या बदलीबरोबर दुसऱ्या गावी जातो, एखादा दिवाळीनंतर नव्याने दाखल होतो. पटावर खाडाखोड चालूच राहते, आणि तरी बेरीज जुळावी लागते. आज अशाच एका पटाची गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. पण हा पट शाळेचा नव्हे, अमेरिकेतल्या धंदेवाईक बेसबॉल संघाचा.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊबंद. मैदानात नऊ गडी उतरतात. तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेला मेजर लीग म्हणतात. तीत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज सामना! एवढ्या दगदगीत कुणाचा खांदा दुखावतो, कुणाची नजर चेंडूवर बसेनाशी होते. म्हणून पट सारखा बदलतो. तिथला जाणता रसिक धावांइतक्याच आवडीने हे बदलही टिपून ठेवतो.

ते टिपायचे कसे? आधी हे ध्यानात घ्या, की पट एक नाही, दोन आहेत. एकाच्या पोटात दुसरा. बाहेरचा पट ४० जणांचा. आतला २६ जणांचा. हे त्या दिवशी खेळायला हजर असलेले गडी. २०१९ सालापर्यंत हा आतला आकडा २५ होता. आताही सप्टेंबरात तो २८ होतो.

आता चार प्रकारच्या नोंदी ओळखायला शिका. पहिली ‘ऑप्शन’. खेळाडूला खालच्या, म्हणजे मायनर लीगच्या संघात पाठवले. आतल्या पटातून तो गेला, पण बाहेरच्या पटात त्याचे नाव राहिले. असे खालीवर करण्यालाही मर्यादा आहे. सर्वसाधारणपणे तीन हंगामांपुरतीच ती मुभा असते. आणि २०२२ पासून एका हंगामात पाचांहून अधिक वेळा तसे सहजासहजी करता येत नाही.

दुसरी नोंद जखमींच्या यादीची. चेंडू फेकणारा पिचर असेल तर किमान १५ दिवस, इतर खेळाडू असेल तर किमान १० दिवस तो बाजूला राहतो. दुखणे मोठे असेल तर ६० दिवसांची यादी आहे. तीत गेलेल्याचे नाव ४० च्या मोजणीतूनही सुटते. या यादीला पूर्वी असमर्थांची यादी म्हणत. अपंगांची बाजू मांडणाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा २०१९ मध्ये तिचे नाव बदलले.

तिसरी नोंद सर्वांत कडू. खेळाडूचे नाव ४० च्या पटावरूनच उतरवतात, आणि सात दिवसांच्या आत त्याचे काय करायचे ते ठरवतात. दुसरा संघ त्याला मागून घेऊ शकतो. मागणारे अनेक असले, तर ज्याची कामगिरी अधिक कमजोर त्याला आधी संधी. कुणीच मागितले नाही, तर खालचा संघ किंवा सरळ निरोप. चौथी नोंद अदलाबदलीची. तिची मुदत जुलैच्या अखेरीच्या सुमारास संपते.

वही साधी ठेवा. तारीख, नाव, कुठून, कुठे, आणि त्याच्या जागी कोण, असे पाच रकाने पुरेत. हा जमाखर्चच आहे. सव्वीसांतून एक गेला की एक आला पाहिजे. संध्याकाळी बेरीज सत्तावीस भरली, तर कुठलीतरी नोंद तुमच्या नजरेतून सुटली आहे. आणि ४० चा पट भरलेला असताना बाहेरचा नवा गडी आला, तर कुणाचे नाव उतरले ते शोधा.

तारखेचा रकाना मात्र चुकवू नका. ४ ऑगस्ट १९८२ रोजी जोएल यंगब्लड हा खेळाडू दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून खेळत होता. सामना चालू असतानाच त्याला कळले, की आपल्याला मॉन्ट्रियलच्या संघाला दिले आहे. तो विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच रात्री नव्या संघाकडून खेळला. दोन्ही ठिकाणी त्याने यशस्वी फटका मारला! डॅनी जॅन्सनची तर त्याहून गंमत. जून २०२४ मध्ये पावसाने थांबलेल्या सामन्यात तो टोरांटोकडून खेळत होता. जुलैत त्याची बोस्टनला अदलाबदल झाली. २६ ऑगस्टला तोच सामना पुढे सुरू झाला, तेव्हा तो बोस्टनकडून उभा राहिला. एकाच सामन्यात दोन्ही बाजूंनी खेळलेला मेजर लीगमधला तो पहिलाच.

पण श्रोतेहो, प्रत्येक ओळीमागे एक माणूस आहे. २०२५ साली मेजर लीगमधले किमान वार्षिक वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. तिथल्या नोकरीचे एक वर्ष म्हणजे पटावरचे १७२ दिवस. खाली पाठवलेल्याचा एकेक दिवस त्याच्या संसाराच्या हिशेबातला असतो.

१९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडची अशीच एक ओळ छापून आली. बारा हंगाम एका संघासाठी झिजलेल्या या कृष्णवर्णी खेळाडूला न विचारताच फिलाडेल्फियाला देऊन टाकले. तो गेला नाही. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही असे कळवून तो न्यायालयात उभा राहिला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला, आणि त्याचा खेळ त्या लढ्यातच संपला. पण त्याने लावलेली धग विझली नाही. दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्याला पुढे अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळाला. १९७५ अखेरच्या लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडण्याची वाटही खुली झाली.

तेव्हा गुरुजी, उद्या पटावर एखाद्या नावावर रेघ मारण्याची वेळ आली, तर शेजारी कारण लिहा, आणि ते मूल कुठे गेले याची घरी जाऊन चौकशी करा. बेरीज तर जुळलीच पाहिजे. पण मूल हरवता कामा नये.