खाऱ्या पाण्याच्या टाकीतील मरतूक

घरात रंगीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. गोड्या पाण्यातील पाळीव मासे बहुधा सोशिक असतात. थोडी हेळसांड झाली तरी ते निभावून नेतात. परंतु हीच हौस खाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचली, की पुष्कळदा एक दुःखद प्रसंग ओढवतो. रात्री दिवा मालवताना हिंडणारे-फिरणारे मासे सकाळी निष्प्राण आढळतात. मुले रडतात, कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी विक्रेत्याला दोष देतो. आणि चार दिवसांनी नवे मासे आणून त्याच पाण्यात सोडले जातात. तेही मरतात. पहिल्या मृत्यूंचे कारण शोधले असते, तर दुसरे मृत्यू बहुधा टळले असते. ते कारण कसे शोधावे, याचाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम समुद्र आणि टाकी यांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. प्रवाळांच्या परिसरातील माशांना अत्यंत स्थिर पाण्याची सवय असते. तेथील खारटपणा, उष्णता आणि पाण्याचा सामू एका दिवसात फारसा बदलत नाही, कारण पाण्याचा साठा अफाट असतो. चाळीस लिटरांच्या टाकीला असा आधार नसतो. एका लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार, या हिशेबाने त्या टाकीत चौदाशे ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात चार लिटर पाणी उडून गेले, की तेच चौदाशे ग्रॅम छत्तीस लिटरांत राहतात आणि खारटपणा एकोणचाळीसच्या घरात जातो. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे; म्हणून उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालावयाची असते. ती खाऱ्या पाण्याने घालणे ही सर्रास आढळणारी चूक होय. किनाऱ्यावरील गावांत याच्या उलट चूक घडते. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखाशी नद्यांचे गोडे पाणी पसरलेले असते. तेथून घागर भरून आणलेले पाणी समुद्राचे दिसले, तरी त्यात समुद्राचा खारटपणा नसतो. हायड्रोमीटर नावाचे साधे उपकरण दोन्ही चुका क्षणात दाखवून देते.

मृत मासा दिसताच काय करावे? जे जिवंत आहेत त्यांच्यासाठी हवेचा पुरवठा वाढवावा, हे पहिले. टाकीतील पाणी स्वच्छ बाटलीत भरून बाजूला ठेवावे, हे दुसरे. मृत मासे काढून मग पाणी बदलावे, हे तिसरे. घाबरलेला मनुष्य आधी पाणी बदलतो. त्यामुळे पुरावाच वाहून जातो. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. रात्रभर पाण्यात राहिलेले प्रेत स्वतःच अमोनिया निर्माण करते. सकाळच्या परीक्षेत अमोनिया आढळला म्हणून मासे अमोनियानेच मेले, असा निष्कर्ष काढणे म्हणजे परिणामाला कारण समजणे होय. यासाठी केवळ एका परीक्षेवर विसंबू नये. कोण मेले, कोण वाचले, केव्हा मेले आणि आदल्या दोन-चार दिवसांत काय नवे घडले, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्या जोडीला घ्यावीत.

सर्व मासे पहाटेच्या सुमारास एकदम मेले असतील, तोंडे उघडी आणि कल्ले ताणलेले असतील, मोठे मासे आधी गेले आणि लहान वाचले असतील, तर प्राणवायूची उणीव झाली असे प्रथम समजावे. पंचवीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. समुद्राच्या पाण्यात तो पावणेसातच्या आसपासच राहतो, आणि उष्णता वाढली की आणखी घटतो. रात्री शेवाळही प्राणवायू निर्माण न करता तो खर्चच करते. अशा वेळी वीज जाऊन पंप बंद पडला, तर चार-दोन तासांत अनर्थ होतो. पाणी हलते ठेवण्याचे हे महत्त्व फार पूर्वी ओळखले गेले होते. १८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज विदुषीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनमध्ये आणून जगविले. त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा ओतीत असे. आजही वीज गेल्यावर तांब्याने पाणी वर उचलून ओतणे हा उपाय तितकाच उपयोगी आहे. मात्र तो तांब्या तांब्या-पितळेचा नसावा, प्लॅस्टिकचा असावा.

टाकी नवी असेल, किंवा नुकतेच एकदम अनेक मासे सोडले असतील, तर अमोनियाचा संशय बळावतो. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया निघतो. एका प्रकारचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जंतू वेगळे काढून त्यांचे कार्य दाखविण्याचे श्रेय सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जाते. त्यांचे ते संशोधन १८९० च्या सुमाराचे. टाकीतील वाळूत व दगडांवर या जंतूंची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर न धरणारा मनुष्य माशांना विषातच सोडतो. खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक असतो, त्याचेही कारण आहे. पाण्याचा सामू सात असता एकंदर अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठाच्या वर असल्याने हे प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात जाते. नायट्राइटची गोष्ट उलट आहे. गोड्या पाण्यात ते फार घातक. पण समुद्रजलातील क्लोराइडमुळे माशांचे त्यापासून बरेच रक्षण होते. म्हणून थोडे नायट्राइट आढळले, की शोध तेथेच थांबवू नये.

कोळंबी, खेकडे आधी मेले आणि मासे मागाहून गेले किंवा वाचले, तर विषाचा विचार करावा. तांबे आणि कीटकनाशके ही कवचधारी प्राण्यांना विशेष मारक असतात. डासांसाठी खोलीत मारलेला फवारा हवेच्या पंपातून थेट पाण्यात जातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, हाताला राहिलेला साबण, पाण्यात पडलेले तांब्याचे नाणे, तळाची कुजकी वाळू उकरल्याने सुटणारा हायड्रोजन सल्फाइड, हीही कारणे तपासावीत. वाळूतून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर या शेवटच्या कारणाविषयी फारसा संशय उरत नाही.

याउलट कोळंबी धडधाकट आणि मासे मात्र एकापाठोपाठ एक दोन-तीन दिवसांत गेले, तर तो बहुधा रोग असतो. अमायलोओडिनियम हा परोपजीवी कल्ल्यांत शिरतो. मासा जलद श्वास घेतो, प्रवाहापाशी घुटमळतो, अंगावर बारीक धूळ बसल्यासारखी दिसते. कधी तीही न दिसता तो मरतो. क्रिप्टोकॅरिऑन हा दुसरा परोपजीवी. त्याने अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. हे ठिपके काही दिवसांनी नाहीसे होतात आणि धनी समाधान पावतो. पण तेव्हा शत्रू तळाशी कोशात बसून वाढत असतो, आणि पुढच्या खेपेला शतपटीने बाहेर पडतो. यावर तांब्याचे औषध चालते. परंतु ते कोळंबी व प्रवाळ यांना मारते, म्हणून आजारी माशांना वेगळ्या टाकीत नेऊनच ते द्यावे, आणि मूळ टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी. कारण ठरण्यापूर्वी दोन-तीन औषधे एकदम ओतणे म्हणजे रोग्याला न पाहता काढा पाजण्यासारखे आहे.

यावरून ध्यानात येईल, की उपचारापेक्षा शिस्त स्वस्त आहे. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. वहीत दररोज उष्णता आणि खारटपणा, तसेच आठवड्याला अमोनिया व सामू यांची नोंद करावी. मासा मेला तर त्या वहीतच कारणाचा माग बहुधा सापडतो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी तळ्यांत वाढविलेले असतात. समुद्रातील मात्र पुष्कळसे आजही प्रवाळांमधून पकडून आणले जातात. १९६० च्या दशकापासून फिलिपाईन्समध्ये त्यांना गुंगी आणण्यासाठी सायनाइडचा वापर होऊ लागला. असे मासे कित्येकदा ग्राहकाच्या घरी आल्यावर काही दिवसांनी मरतात. ज्यांची पैदास टाकीतच होते असे क्लाउन मासे निवडणे हा त्यावर एक चांगला मार्ग आहे. मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा विकत घेता येतो, हे खरे. परंतु तो दुकानात येण्यापूर्वी समुद्रात कोठे तरी एक जागा रिकामी झालेली असते. म्हणून कारण सापडेपर्यंत टाकी रिकामी ठेवावी, हेच त्या पाळणाऱ्याच्या हौसेलाही आणि माणुसकीलाही शोभून दिसेल.